पावसाळी मासेमारी बंदी : माशांची वीण किती वाचते?

जून लागला की आमच्या दुकानात दोन गोष्टी बरोबरीने होतात. ताडपत्रीचा माल संपतो आणि उधारीची वही भरते. ताडपत्री वेसावे, मढ, भाटी येथील बोटवाले नेतात, कारण किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या बोटी शाकारायच्या असतात. उधारीही बहुतेक त्यांच्याच घरची असते. समुद्र दोन महिने बंद, म्हणून पैसाही दोन महिने बंद. बर्फवाला, डिझेल इंजिनाचा मिस्त्री, जाळी विणणारा व दुरुस्त करणारा कारागीर, सुक्या मासळीचा व्यापारी, या सर्वांची हीच कथा आहे. त्यांत आपल्या समाजाची माणसे पुष्कळ आहेत. रत्नागिरीकडे तर दालदी बांधव स्वतः पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी आहेत. तेव्हा ही बंदी कशासाठी आहे आणि तिच्यापासून खरोखर काय साधते, हे व्यापाऱ्याने समजून घेतलेले बरे.

मला हा विषय एका मासळीवालीने लावून दिला. लुगडे बघता बघता ती म्हणाली, "शेट, मासे अंडी घालतात म्हनून जून-जुलै बंदी. मग माझ्या टोपलीतल्या बोंबलाला जानेवारीत गाभोळी कशी?" मला उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, पुढे आयुष्य कापडात गेले. परंतु प्रश्न चोख होता. गिऱ्हाइकाने चोख प्रश्न विचारला तर माल उलगडून दाखवावा लागतो, म्हणून थोडा अभ्यास केला. सोय अशी की केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (स्थापना १९६१) आमच्या अंधेरीतच, वेसाव्याला आहे, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्रही तेथेच आहे. या मंडळींचे लेख व अहवाल मिळवून वाचता येतात.

प्रथम कायदा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्य सरकारच्या अखत्यारीत आहे, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्र सरकारच्या. आपल्याकडे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. पूर्वी महाराष्ट्रात १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत बंदी असे. २०१५ पासून संपूर्ण पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, ठरविण्यात आले. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असते. केरळचे गणित थोडे वेगळे आहे, तेथे राज्याच्या हद्दीत ट्रॉलर ५२ दिवस बंद राहतात. बंदी यांत्रिक बोटींना आहे. वल्ह्या-शिडाच्या पारंपरिक होडीला व खाडीतल्या पागवाल्याला ती लागू नाही. २०२१ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या.

कायद्याच्या आधी रिवाज होता. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत कोळी बांधव बोट लोटत नसत. लोक याला धर्मश्रद्धा म्हणतात, ती आहेच, परंतु त्यात कापडाचाही भाग होता, जो माझ्यासारख्याला चटकन दिसतो. जुनी जाळी सुताची आणि सणाची असत. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ती टिकवावी लागत. पावसाळ्याच्या ओलीत असा धागा कुजतो. खवळलेल्या दर्यात लाकडी होडी, वर कुजके जाळे! घरी बसण्याशिवाय मार्गच नव्हता. पुढे नायलॉन आले, डिझेल इंजिन आले, ट्रॉलर आले. नायलॉन कुजत नाही आणि इंजिन वाऱ्याची वाट पाहत नाही. जी गोष्ट आधी अशक्यच होती ती शक्य झाली, आणि म्हणून तिला कायद्याने मना करण्याची पाळी आली.

तरीही पश्चिम किनाऱ्यावरचे हे कायदे केवळ माशांच्या अंड्यांसाठी झाले असे समजू नये. १९७०च्या दशकात गोव्यात रापणकार आणि ट्रॉलरमालक यांच्यात मोठा संघर्ष झाला. किनाऱ्यालगतची मासळी ट्रॉलर ओढून नेतात, रापणीला काही उरत नाही, अशी रापणकारांची तक्रार होती. केरळातही तेच. केंद्राने १९७९ मध्ये नमुना विधेयक केले, त्यावरून गोवा, केरळ, महाराष्ट्र यांचे कायदे आले. केरळने १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी सुरू केली तीही पारंपरिक मच्छीमारांच्या आंदोलनांनंतर. म्हणजे बंदीच्या पोटात तीन हेतू आहेत: गरीब मच्छीमाराचा हक्क, खलाशाचा जीव आणि माशाची वीण. जाहिरात मात्र तिसऱ्याचीच होते.

आता मासळीवालीच्या प्रश्नाकडे येऊ.

थंड मुलुखातल्या समुद्रात पुष्कळ मासे वर्षातून एकदा, ठराविक आठवड्यांत वीण करतात. आपला समुद्र उष्ण आहे. येथे प्रत्येक जातीची रीत निराळी. तारलीची वीण मुख्यतः पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात होते. बांगडा लांबलचक काळ अंडी घालतो, पण त्याचाही जोर पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळ्यात असतो. याला कारण आहे. नद्यांचे पाणी समुद्राला मिळते, दक्षिणेकडील किनाऱ्यावर तळाचे पोषक पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि अंड्यातून निघालेल्या पिलांना खाणे मिळते. अल्लाहने जन्म आणि रोजी यांची वेळ जुळवून ठेवली आहे. या दोन माशांपुरती जून-जुलैची बंदी विणीच्या वेळेवर चांगली बसते.

बोंबील तसा नाही. तो जवळजवळ वर्षभर अंडी घालतो, कधी जास्त, कधी कमी. कोळंबीच्या अनेक जातींचेही तेच आहे. शिंगाळ्याचा प्रकार तर अजब. त्याची अंडी मोठी व मोजकी असतात, आणि ती नर आपल्या तोंडात धरून वागवतो. पिले बाहेर पडेपर्यंत तो काही खात नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आल्यानंतर १९८०च्या सुमारास अशा तोंडात अंडी धरलेल्या शिंगाळ्यांचे थवेच्या थवे पकडले गेले आणि संशोधकांनी त्याची नोंद करून इशारा दिला. हे घडले पावसाळा संपल्यावरच्या महिन्यांत, म्हणजे बंदी उठल्यावर. पुढे तेथील शिंगाळा फार घटला. तेव्हा जानेवारीच्या बोंबलात गाभोळी असणे यात काही नवल नाही. बंदीचे ६१ दिवस सर्व जातींच्या विणीचे दिवस नाहीत, काही जातींच्या विणीचा एक तुकडा तेवढा त्यात येतो.

यापेक्षाही महत्त्वाचा एक मुद्दा आहे, तो मला बराच उशिरा उमगला. समजा एक मादी जूनमध्ये अंडी घालणार आहे. ती १० जूनला पकडली तर अंडी गेली. पण तीच मादी १० एप्रिलला पकडली तर? तेव्हाही अंडी गेलीच! एप्रिलमध्ये टोपलीत आलेला मासा जूनमध्ये अंडी घालायला परत जात नाही. म्हणून एकूण वर्षभरात किती मासे पकडले गेले हे पाहावे लागते. दोन महिने बंद ठेवून उरलेल्या दहा महिन्यांत अधिक बोटी, अधिक मोठी इंजिने आणि अधिक दिवस लावून तेवढाच माल उपसला, तर विणीच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. रोजाच्या दिवशी दिवसभर उपाशी राहून मगरिबनंतर दोन दिवसांचे जेवावे, त्यातला प्रकार झाला.

मग विणीच्या वेळची बंदी खास कामाची केव्हा होते? जेव्हा मासा विणीसाठी एका जागी गोळा होतो आणि त्यामुळे पकडायला सोपा होतो, तेव्हा. याचे उत्तम उदाहरण बांगलादेशातील हिलसा, ज्याला आपल्याकडे पाला म्हणतात. तो समुद्रातून नदीत चढतो. त्याची वाट ठरलेली, ऋतू ठरलेला, त्यामुळे नदीच्या मुखाशी जाळे लावणाऱ्याला आयता सापडतो. बांगलादेशाने ऑक्टोबरच्या पौर्णिमेच्या आगेमागे त्याची मासेमारी बंद करण्याची रीत पाडली, जी पुढे २२ दिवसांवर गेली. त्याशिवाय २५ सेंटिमीटरपेक्षा लहान हिलसा पकडण्यास कित्येक महिने मनाई केली, नदीचे काही पट्टे राखीव केले आणि बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना तांदूळ दिला. २००२-०३ मध्ये तेथे सुमारे २ लाख टन हिलसा मिळत होता, तो २०१७-१८ मध्ये ५ लाख टनांच्या वर गेला. सर्व श्रेय २२ दिवसांचे नाही. लहान माशाला अभय आणि माणसाला तांदूळ हे त्यात होते म्हणून ते चालले.

उलट बाजू केरळात दिसते. ट्रॉलबंदी १९८८ पासून चालू आहे. तरी २०१२ मध्ये तेथे तारली जवळजवळ ४ लाख टन मिळाली आणि २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. एवढी घसरण! कारणांत समुद्राचे तापमान व एल निनो आहे, आणि बेसुमार पकडलेली लहान तारलीही आहे. शिवाय ट्रॉलबंदी तारली पकडणाऱ्या पारंपरिक वेढाजाळ्यांना लागूच नव्हती. दार लावले पण खिडकी उघडी, अशी गत.

मग आपली बंदी फुकट आहे काय? मुळीच नाही. दोन महिने ट्रॉलचे जाळे तळ खरवडत नाही, तेवढी तळाला विश्रांती मिळते. दोन महिने एकूण उपसा थांबतो. खवळलेल्या दर्यात माणसे मरत नाहीत, ही एकच गोष्ट पुरेशी आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लहान मासा वाढतो. हा हिशेब व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावा. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते, कारण तो लांबीबरोबर रुंदी व जाडीतही वाढतो. १२ सेंटिमीटरचे दहा पापलेट समुद्रात सोडले, त्यातले पाच दुसऱ्या माशांनी खाल्ले आणि पाच २४ सेंटिमीटरचे झाले, तरी एकूण वजन चौपट होते. वर मोठ्या पापलेटचा किलोचा भाव लहानापेक्षा पुष्कळ अधिक. असा नफा कापडात मी कधी पाहिला नाही!

पण हा नफा पडतो कोणाच्या पदरात, तर १ ऑगस्टला प्रथम धावणाऱ्याच्या, आणि तोही अर्धाकच्चा. ३१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर बोटी सुटतात. पापलेटची पिले तेव्हा अजून लहानच असतात. म्हणूनच मुंबई-पालघरच्या अनेक कोळी बांधवांचे म्हणणे आहे की बंदी १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत हवी. पौर्णिमेची तारीख हलते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती थेट ३० ऑगस्टला होती, त्यामुळे सरकारला निश्चित तारीख सोयीची वाटते हे समजू शकते. परंतु ज्यांचे पोट बंद राहणार तेच लोक बंदी वाढवा म्हणतात, हे साधे नाही. ते दर्याला आपल्यापेक्षा जास्त ओळखतात.

याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा घोषित केले. नोव्हेंबरमध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरविण्यात आला. पापलेटला १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. केरळने ही वाट २०१५ मध्ये धरली होती. माझ्या मते विणीच्या संरक्षणास ही दुसरी वाट अधिक उपयोगी आहे, कारण ती बाराही महिने चालते. मासा मोठा झाला, निदान एकदा अंडी घालून गेला, मग पकडला, तर दुकानाचे भांडवल शाबूत राहून नफा खाल्ल्यासारखे आहे.

येथे जाळ्याच्या विणकामाचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या कारागिरांच्या हातातला आहे. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आसाचे, ४० मिलिमीटरचे जाळे लावावे असा नियम आहे. चौकोनीच का? शिंप्याला हे लगेच कळेल. कापड उरेब ओढले की ते ताणते आणि अरुंद होते, सरळ धाग्यावर ओढले तर आपली रुंदी सोडत नाही. नेहमीचे जाळे शंकरपाळ्याच्या आकाराचे असते. पाण्यात वजन पडून ओढले गेले की त्याचे आस मिटतात आणि बोटाएवढा मासाही आत अडकतो. चौकोनी आस ओढल्यावरही उघडा राहतो, लहान मासा निसटून जातो. बोटवाला म्हणेल, आस मोठा तर माल कमी. पहिल्या हंगामात त्याचे म्हणणे खरेही ठरेल. बोंबलाच्या डोल जाळ्याचा प्रश्न याहून कठीण आहे. भरती-ओहोटीच्या ओढीवर उभी केलेली ही मोठी पिशवी, तिचे शेपूट अतिशय बारीक, आणि करंदी-जवळा पकडायचा तर ते बारीकच लागते. त्यात इतर माशांची पिले येतात. यावर सोपा तोडगा मला दिसत नाही.

पवित्र कुरआनात सूरह अल्‌-आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकिकत आली आहे. त्यांना शनिवारी मासेमारी मना होती, आणि मासे नेमके शनिवारीच वर येत. भाष्यकार सांगतात की त्यांनी शनिवारी खड्डे करून व जाळी लावून मासे अडकवले आणि रविवारी गोळा केले. म्हणायला शनिवारी मासेमारी केली नाही! तेथील लोकांचे तीन गट होते. एक हिकमती करणारा, एक मना करणारा, आणि एक, जो मना करणाऱ्यांनाच म्हणे की कशाला उगीच उपदेश करता. ती मनाई त्या समाजाची परीक्षा होती, आपल्या सरकारी बंदीशी तिची बरोबरी मी करीत नाही. परंतु ही हकिकत वाचताना माझे लक्ष स्वतःच्या वहीकडे गेले.

त्याचे कारण सांगतो. बोटवाल्याची उधारी मी कित्येक वर्षे १५ ऑगस्टला वसूल करीत असे. बर्फवाल्याची, डिझेलवाल्याची मुदतही तीच. सुक्या मासळीचे व ताज्या मासळीचे व्यापारी जूनमध्ये उचल देतात आणि पहिल्या फेरीचा माल आपल्याच हाती पडावा अशी अट घालतात, तीही बाजारापेक्षा कमी भावाने. मग १ ऑगस्टला तो मनुष्य दुसरे काय करील? दर्या कसाही असो, पापलेट केवढेही असो, त्याला जाळे टाकावेच लागते. सरकारने बंदी ६१ दिवसांची केली, पण तिचा फायदा १५ दिवसांत मोडून खाण्याची व्यवस्था आम्ही देणेकऱ्यावर लादली. आम्ही मासा पकडला नाही, हे खरे. सरकारी मदत अशी की प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत (२०२०) मच्छीमाराचे १५०० आणि सरकारचे ३००० मिळून ४५०० रुपये तीन महिन्यांसाठी. तामिळनाडूने बंदीकाळातील मदत २०२३ मध्ये ५००० वरून ८००० केली. एवढ्यावर मुंबईत घर चालत नाही, ते उधारीवरच चालते.

म्हणून उधारी कशी द्यावी यावर बोलणे भाग आहे. उचल देऊन त्या बदल्यात कमी भावाने विक्री बांधून घेणे, यात कर्ज आणि विक्री एकमेकांना जखडली जातात. प्रेषित (स.) यांनी कर्ज व विक्री अशी एकत्र करण्यास मनाई केल्याचे हदीसमध्ये आले आहे. आणि कर्जाच्या बळावर मिळवलेला भावातला फायदा व्याजाच्या जवळ जातो. आपल्यापैकी ज्यांना हे रूढ वाटते त्यांनी एकदा आलिमांना विचारावे.

ज्याला आगाऊ पैसे देऊनच माल घ्यायचा आहे त्याच्यासाठी शरीअतने सलमचा सौदा ठेवला आहे. पूर्ण रक्कम आधी, मालाची जात, वजन व मुदत निश्चित. पण येथेही एक बारकी गोष्ट आहे आणि ती बंदीशी थेट जुळते. हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात खारवलेल्या माशाचा सलम वजन व जात ठरवून योग्य म्हटला आहे, ताज्या माशाचा मात्र त्याच्या हंगामातच. कारण हनफी मताप्रमाणे माल सौद्याच्या दिवसापासून मुदतीपर्यंत बाजारात उपलब्ध असावा लागतो. शाफई मताप्रमाणे तो मुदतीच्या वेळी मिळणारा असला की पुरे. आपल्या मुंबईत कोकणी बांधव बहुतेक शाफई, उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. तेव्हा जुलैमध्ये ताज्या पापलेटचा आगाऊ सौदा करणारे दोन भागीदार वेगवेगळ्या मजहबचे असले तर आधी फतवा घ्यावा, मग पैसे मोजावेत. सुक्या बोंबलाचा सौदा करणाऱ्यांना ही अडचण कमी.

माझ्यापुरते मी असे केले आहे. बोटवाल्यांची मुदत १५ ऑगस्टवरून काढून तीन हप्त्यांत ठेवली: सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबरअखेर. भाव रोखीचा व उधारीचा जो ठरेल तो सौद्याच्या वेळीच एक ठरतो, नंतर उशिराबद्दल वाढत नाही. २०१९ सालची आठवण मनात ठेवावी लागते. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'क्यार' आणि 'महा' ही वादळे आली, मासेमारीचे दिवस बुडाले, आणि महाराष्ट्राची समुद्री मासळी २ लाख १ हजार टनांवर उतरली, ४५ वर्षांतील सर्वांत कमी. असे वर्ष पुन्हा आले तर शेवटचा हप्ता जानेवारीवर जाईल हे मी गृहीत धरतो आणि गिरणीवाल्याकडून माल उचलताना तेवढे भांडवल मोकळे ठेवतो. पहिल्या वर्षी जड गेले. बुडीत मात्र पूर्वीपेक्षा जास्त झाले नाही.

मासळीवाली मध्यंतरी पुन्हा येऊन गेली. बोंबील वर्षभर अंडी घालतो हे तिला सांगितले. ती म्हणाली, "ते मला ठाव हाय शेट. मी इचारलं, मग बंदी कशाला?" तेव्हा पापलेटचा आठपट वजनाचा हिशेब मी तिला बिलाच्या पाठीवर मांडून दाखवला. तो कागद ती घेऊन गेली, घरी तांडेलाला दाखवते म्हणून.